चार नंबरच्या खोलीची घट

पहिल्याच दिवशी रोहिणी मगदूमला दोन हजार खोटी वजनं लिहायला सांगण्यात आली.

"खोटी म्हणजे?" तिनं विचारलं.

"मनानं रचलेली," वासंती नाडगौडा म्हणाल्या. "समजा तुमच्यासमोर पंधरा किलोच्या पेट्या आहेत, पण काटा नाही. तरी वजनं लिहायचीत, आणि वाचणाऱ्याला ती खरी वाटली पाहिजेत. घाई नाही. जेवून पुन्हा बसलात तरी चालेल."

सांगलीतल्या या ऑडिट फर्मच्या त्या प्रमुख होत्या. साठीच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. रोहिणी एकेचाळीस वर्षांची. सोळा वर्षं तिनं कॉस्टिंगमध्ये, उत्पादनखर्चाच्या हिशेबात, काढली होती, त्यातली शेवटची दहा कुपवाडच्या एका फाउंड्रीत. मग फाउंड्रीतल्या भट्ट्या, मोटारी, ट्रॉल्या स्वतःच आपापला खर्च कळवू लागल्या आणि सहा माणसांचा कॉस्टिंग विभाग एका शुक्रवारी बंद झाला. त्याच सुमारास नियम बदलला. वर्षभर उमेदवारी केली तर कॉस्टिंगवाल्यांनाही मालसाठ्याचं ऑडिट करता येऊ लागलं. रोहिणीनं पुन्हा पुस्तकं काढली, परीक्षा दिली आणि या खुर्चीपर्यंत आली.

दोन हजार वजनं लिहायला तिला चार तास लागले. १४.९३, १५.०७, १४.८३. सुरुवातीला मजा वाटली. नंतर हात आपोआप चालू लागला, आणि हाताचं ते आपोआप चालणं तिला ओळखीचं वाटलं. तिनं मान खाली घालून काम संपवलं.

"आता हे कशाला ते सांगते," नाडगौडा म्हणाल्या.

ही वजनं ज्या यंत्रात जाणार होती त्याचं नाव होतं 'ठसा'. काट्यावरून आलेल्या वजनांचे शेवटचे अंक पाहिले तर शून्यापासून नऊपर्यंत सगळे जवळजवळ सारख्या वेळा येतात. निसर्गाला कुठल्या अंकाची आवड नसते. माणसाला असते. माणूस रचायला बसला की शून्य आणि पाच टाळतो, कारण ते फार गोल दिसतात. सात आणि तीन जास्त लिहितो. एकच अंक लागोपाठ दोनदा आला तर त्याला ते संशयास्पद वाटतं, खऱ्या मोजणीत मात्र तसं सारखं होतं. हे लोकांना आधीच माहीत होतं. नवा शोध त्याच्या पुढचा होता. आधीचा आकडा पुढच्याला कसा ओढतो, माणूस किती आकड्यांनी जुन्या जागी परततो, वर उडी घेतल्यावर खाली किती येतो, ही प्रत्येकाची खोड वेगळी असते आणि ती चालण्याच्या ढबीसारखी आयुष्यभर टिकते. अक्षर बदलतं, खोड बदलत नाही. तीनशे रचलेले आकडे मिळाले की ठसा सांगू शके की ते मोजलेले नाहीत. आणि त्या माणसाचा नमुना जवळ असेल, तर ते कोणी रचले हेही.

"पण आमचे नमुने कशाला?"

"कारण ऑडिटवालेही न मोजता मोजलं म्हणून लिहितात. तुमचा नमुना बंद पेटीत राहतो. माझ्या परवानगीशिवाय कोणी उघडत नाही." नाडगौडांनी चष्मा काढला. "कॉस्टिंगमध्ये तुम्ही आकडा तयार करत होतात. इथं तयार झालेला आकडा तपासायचा. म्हणून एकच नियम पाळा. ज्यानं लिहिलं, त्यानं ते तपासायचं नाही."

रोहिणी हो म्हणाली.

आठ महिने चांगले गेले. गोदामं, दूध संघ, बियाण्यांचे साठे. तिची नजर चांगली आहे असं नाडगौडा दोनदा म्हणाल्या. नवव्या महिन्यात तासगावच्या बेदाणा शीतगृहांचं काम आलं. साठवणीत बेदाण्याचं पाणी थोडं उडतं आणि वजन कमी होतं, त्याला घट म्हणतात. ही घट किती धरायची याचं नवं प्रमाण विमा कंपनीला ठरवायचं होतं. त्यासाठी नऊ शीतगृहांच्या जेवढ्या मिळतील तेवढ्या सगळ्या जुन्या नोंदी आधी ठशाखालून घालायच्या होत्या.

"तुम्ही तासगावात होतात ना?" नाडगौडांनी विचारलं. "कुठल्या शीतगृहात?"

"लहान होतं, मॅडम. आता बंद झालंय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नऊ नावांच्या यादीत सातवं नाव त्याच बंद झालेल्या शीतगृहाचं होतं, हे ती बोलली नाही. समोर घोषणापत्र आलं. 'या संस्थांच्या नोंदींशी माझा पूर्वी कोणताही संबंध नव्हता.' तिनं सही केली. सही नेहमीसारखीच आली. नंतर तिला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

घडलं होतं ते असं. बारा वर्षांपूर्वी त्या शीतगृहात ती कॉस्टिंगचं काम बघायची. दर पंधरवड्याला चार नंबरच्या खोलीत जाऊन खुणेच्या चाळीस पेट्या वजन करायच्या आणि घटीचं पत्रक भरायचं. चार अंश तापमानात अर्धा दिवस जायचा. त्या वर्षी तिची कॉस्टिंगची शेवटची परीक्षा होती. एका पंधरवड्याला ती खोलीत गेलीच नाही. टेबलावर बसून दहा मिनिटांत पत्रक भरलं आणि उरलेला वेळ अभ्यास केला. कोणाला कळलं नाही. असे चार महिने, आठ पंधरवडे, दर वेळी चाळीस पेट्या. तीनशे वीस वजनं.

हंगाम संपला तेव्हा खोलीतल्या बारा हजार पेट्यांत तिच्या पत्रकाच्या मानानं अठराशे किलो माल कमी भरला. पेट्या पुऱ्या होत्या, प्रत्येक पेटी मात्र दीडशे ग्रॅमनं हलकी. कोणीतरी पेटीमागे दोन मुठी काढल्या, असं मालकांचं म्हणणं पडलं. खोलीची किल्ली स्टोअरकीपर जिनगोंडा बिरनाळे यांच्याकडे असायची. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

मालकांनी केबिनमध्ये रोहिणीला विचारलं होतं, "मॅडम, घटीचे आकडे बरोबर आहेत?"

ती "हो" म्हणाली होती.

अण्णांची एकोणीस वर्षांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. पोलीस नाहीत, तक्रार नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच. महिन्याभरात रोहिणी पास झाली आणि कुपवाडला गेली. तेव्हापासून ती स्वतःला सांगत आली होती की अण्णांनी थोडं तरी नेलंच असेल. किल्ली हातात असल्यावर कोण सोडतो.

सातव्या शीतगृहाच्या नोंदी ठशाखाली गेल्या त्या मंगळवारी दुपारी. आधी अण्णांच्या आवक-जावक वह्या. एकोणीस वर्षं, एक लाख साठ हजार वजनं. पडद्यावर एकच शब्द आला, मोजलेले. रोहिणीनं वर्षागणिक तपासलं, महिन्यागणिक तपासलं. कुठंही एक ओळसुद्धा रचलेली नव्हती. सणाच्या आदल्या दिवशीची नाही, की पाय मोडून ते कुबडी घेऊन कामावर आले त्या महिन्यातली नाही.

मग चार नंबरच्या खोलीचं पत्रक. आधीचे पंधरवडे मोजलेले. मग आठ पंधरवडे रचलेले, एकाच माणसाचे. नमुना उपलब्ध नाही.

त्याखाली पुढच्या हंगामाची नोंद होती. तिच्या जागी आलेल्या माणसानं प्रामाणिकपणे वजनं केली होती. त्याच खोलीत, अण्णा नसताना, घट तिच्या पत्रकापेक्षा पेटीमागे एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅमनं जास्त. रोहिणीच्याच हंगामात बसवलेली नवी शीतयंत्रं हवा जास्त कोरडी करत होती. कोणी काही नेलं नव्हतं. ते अठराशे किलो म्हणजे उडून गेलेलं पाणी होतं. दोन पत्रकं शेजारी ठेवून बघायची तसदी मालकांनी घेतली नव्हती, आणि अण्णांना कळायचा काही मार्ग नव्हता.

रोहिणीनं दोन्ही पत्रकं बंद केली. मग तिनं अहवालात लिहिलं, 'रचणारी व्यक्ती : अज्ञात. कॉस्टिंगचे कर्मचारी हंगामी, नावं उपलब्ध नाहीत.'

घरी तिनं प्रमोदला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो कुकरची शिट्टी बसवत होता.

"बारा वर्षं झाली," तो म्हणाला. "मालक गेले, शीतगृह गेलं. आता कोण विचारणार आहे?"

हेच ऐकायला ती त्याच्याकडे गेली होती. ऐकल्यावर मात्र तिला त्याच्यासमोर उभं राहवेना. ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसली.

विचारणारं निघालं. रचणारी व्यक्ती अज्ञात असेल तर त्या नोंदींपर्यंत ज्यांचा हात पोचत होता त्या सगळ्यांचे नमुने घ्या, असं विमा कंपनीनं कळवलं. शीतगृहाच्या फायलीत एकाच माणसाचं नाव आणि पत्ता होता, बिरनाळ्यांना कमी केल्याच्या पत्रावर. नाडगौडांनी त्याच पत्त्यावर बोलावणं धाडलं. पत्ता जुना आहे, ते येणार नाहीत, असं रोहिणीला वाटलं. वाटलं म्हणजे तिनं तशी आशा केली.

ते गुरुवारी सकाळी दहाला आले. पांढरा शर्ट, धोतर, हातात पत्राची घडी. वय सत्तरीपुढे गेलेलं. स्वागतकक्षातल्या मुलीसमोरच त्यांनी हाक मारली.

"रोहिणी मॅडम न्हवं का तुम्ही?"

तिनं घाईनं त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. दार लावतानाच तिला कळलं की आपण हे त्यांच्या सोयीसाठी करत नाही आहोत.

"तुम्ही हितं हाय म्हटल्यावर बरं वाटलं बघा," अण्णा खुर्चीत टेकत म्हणाले. "पत्र आल्यापास्नं घरात कुणाचं जेवणात लक्ष न्हाई. म्हटलं, पुन्हा काय काढलं आता. पण तुमाला सगळं ठावं हाय. तुम्ही तवा हुता."

"अण्णा, फक्त काही आकडे लिहायचेत." तिनं कसंबसं समजावलं. पेट्या आहेत असं समजायचं, काटा नाही, वजनं मनानं लिहायची.

"काटा न्हाई?"

"नाही."

"मग वजन कसं लिहायचं?"

"मनाला येईल ते."

त्यांनी पेन घेतलं. एक आकडा लिहिला, थांबले. "माल कंचा धरायचा? हिरवा का पिवळा?"

"कुठलाही धरा."

"पाणी किती हाय त्यात? ताजा माल जड भरतुया."

ते खोलीत इकडं तिकडं पाहत होते. टेबलावर पेपरवेट होता, तो त्यांनी हातात घेऊन तोलला, खाली ठेवला. तासाभरात नव्वद आकडे झाले. कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"मॅडम, मला न्हाई जमत हे. पाप केल्यागत वाटतंय. ह्याच्यावरनं ते मला पुन्हा चोर ठरवणार का?"

"नाही, अण्णा."

"ठरवलं तरी आता काय व्हायचं ऱ्हायलंय." ते रागानं बोलत नव्हते, हकिकत सांगितल्यासारखं सांगत होते. "आमच्या गावच्या जैन देवळात, बस्तीत, भांडाराची किल्ली माझ्याकडं असायची. तांदूळ, तूप, गूळ, समदं. तासगावास्नं घरी आलो त्याच्या आठव्या दिवशी अध्यक्ष आले. म्हणाले, अण्णा, तुमचं आता वय झालं, किल्ली द्या. साठ न्हवतं झालं मला. दिली. तवापास्नं देवळात मागं उभा ऱ्हातो. फुडं गेलं की लोक आपापली पिशवी सरकवत्यात असं वाटतंय. सरकवत नसतील. पण वाटतंय."

रोहिणीनं त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि ती बाहेर पडली. नाडगौडांच्या केबिनपर्यंत अकरा पावलं होती. मध्ये तिला एकदा वाटलं की नव्वद आकडे पुरेसे नाहीत असा शेरा मारता येईल, त्यांना घरी पाठवता येईल, सगळं तसंच मिटेल. हा विचार आपल्याला आत्ता, अजूनही सुचतो, याची तिला किळस आली. ती आत गेली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"मॅडम, माझी पेटी उघडा. चार नंबरच्या खोलीची ती वजनं माझी आहेत."

नाडगौडांनी पेटी उघडली. यंत्राला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला नाही. गरज नव्हती.

"बसा," त्या म्हणाल्या. ती उभीच राहिली. "काम आलं त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी हे काम दुसऱ्या कोणाला दिलं असतं. एवढंच झालं असतं. माणसं तरुणपणी आळस करतात, घाबरतात. ते बारा वर्षांपूर्वीचं. पण घोषणापत्रावरची सही मागच्या महिन्यातली आहे."

"हो."

"मला हे परवानगी देणाऱ्या संस्थेला कळवावं लागेल. तुमची उमेदवारी इथं संपली. पुढं ऑडिटची परवानगी मिळेल असं वाटत नाही." त्यांनी अहवाल पुढं ओढला. "त्या गृहस्थांना विमा कंपनीकडून निर्दोष असल्याचं पत्र जाईल. तीन आठवडे लागतात."

"त्यांना मीच सांगते. आत्ता."

नाडगौडांनी मान हलवली. कौतुक नव्हतं त्यात, फक्त परवानगी होती.

अण्णा बशीतून चहा पीत होते. रोहिणी त्यांच्यासमोर बसली. वाक्य तयार करायला गेली तर ते स्वतःला सोयीचं होत होतं. परीक्षा होती, थंडी होती. तिनं ते सगळं गाळलं.

"अण्णा, मी चार महिने वजनं केलीच नाहीत. आकडे मी बसल्या जागी लिहिले. मालकांनी विचारलं तेव्हा बरोबर आहेत म्हणून सांगितलं. चार नंबरमधून कोणी काही नेलं नव्हतं. नव्या मशीननं पाणी उडालं होतं. पुढच्या वर्षीही तेवढीच घट आली."

अण्णांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे कुणीच न्हाई?"

"कोणीच नाही."

"रंगाप्पानं बी न्हाई?"

तिला नाव आठवलं नाही. अण्णांनी सांगितलं. रंगाप्पा हा हमालांचा मुकादम. एकोणीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते. आपण नेलं नाही हे अण्णांना ठाऊक होतं आणि आकडे मॅडमचे, म्हणजे माल गेला हेही नक्की होतं. मग उरला कोण? पेट्यांना हात लावणारा. अण्णांनी भर बाजारात त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. अण्णांनी ते मानलं नाही, चार लोकांत बोलून दाखवलं. रंगाप्पाला कुठल्याच शीतगृहात काम मिळेना. तो मिरजेला गेला.

"तीन वर्सामागं वारला," अण्णा म्हणाले. "मी मातीला गेलो न्हाई. सांगावा आला हुता. म्हटलं, ज्यानं माझं नाव घालवलं त्याच्या दारात कशाला."

माफी मागावी असं रोहिणीच्या मनात आलं, पण ती कोणत्या गोष्टीची मागायची हेच आता कळेना. ती मागण्यातही काहीतरी स्वतःसाठी मिळवण्यासारखं होतं.

अण्णा उठले. तिला वाटलं ते जायला निघाले, आणि ते काही बोलले नाहीत याबद्दल तिला सुटल्यासारखं झालं. दारापाशी ते वळले.

"चला."

"कुठं?"

"मिरजेला. मला सांगिटलासा तसं तिथं सांगा. माझ्या तोंडचं त्यास्नी खरं वाटायचं न्हाई. आन् माझं मला बी सांगायचं हाय."

बसमध्ये दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसले. अर्ध्या तासात मिरज आलं. रंगाप्पाचं घर रेल्वे वसाहतीच्या मागं, दोन खोल्यांचं, दारात कढीपत्त्याचं झाड. त्याची बायको गंगव्वा उंबऱ्यात बसून गवारी निवडत होती. अण्णांना पाहून तिचे हात थांबले. ती या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

रोहिणीनं उभ्यानंच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. ती बोलत होती तेव्हा गंगव्वा गवारीच्या शेंगेची शीर ओढत होती, एकच शेंग, पुन्हा पुन्हा. संपल्यावर तिनं रोहिणीकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर अण्णांकडं वळवली.

"ह्या बाईचं कळलं," ती म्हणाली. "ह्या बाईला आमचं तोंड बी ठावं न्हवतं. अण्णा, तुमाला तर ठावं हुतं."

अण्णांनी हात जोडले.

"शेवटाला आजारात बी ते म्हनायचे, अण्णा येतील, त्यास्नी कधीतरी कळंल. मी म्हनायची, कशाला वाट बघता." गंगव्वानं परात उचलून कडेला ठेवली आणि आतून एक सतरंजी आणून ओसरीवर टाकली. "बसा. माझा थोरला साडेचारला कामावरनं येतोय. त्याचं लगीन दोनदा मोडलं ह्यापायी. त्याच्यासमोर पुन्हा सांगा. दोघांनी बी."

तेव्हा दीड वाजला होता. अण्णा सतरंजीच्या एका टोकाला बसले. रोहिणी दुसऱ्या टोकाला बसली, आणि रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक सायकलीकडं दोघंही मान वर करून पाहू लागले.